रेषेला 'बहुधा' म्हणता येत नाही

१ जूनच्या सकाळी सव्वासातला, म्हणजे दख्खनची राणी पुण्याहून सुटते बरोबर त्या वेळेला, आत्याने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो टाकला. गर्द निळा डबा, त्याच्या कडांनी सोनेरी रेघा, मागे धुक्यातला घाट. खाली मजकूर: '१ जून १९३०. दख्खनची राणी, पहिला दिवस. अतिदुर्मीळ रंगीत छायाचित्र. अस्सल पुणेकर असाल तर पुढे पाठवा.' मी उठेपर्यंत काकांनी हात जोडले होते, चुलतबहिणीने बदाम टाकला होता आणि बाबांनी लिहिलं होतं, "काय ते दिवस!" बाबांचा जन्म १९६२चा आहे.

त्या फोटोतला घाट म्हणजे करड्या रंगाचा कार्डशीट आहे. धुकं उदबत्तीचं आहे. आणि डबा वीतभर लांबीचा असून तो माझ्या टेबलावर, लॅपटॉपच्या डाव्या बाजूला उभा आहे. त्याच्यावरच्या रेघा मी मारल्यात.

मी ग्रुपवर लिहिलं, "आत्या, हा माझा डबा आहे." आत्याचं उत्तर आलं, "तुझा कसा असेल? १९३०चा आहे ना."

मॉडेल बनवणाऱ्यांच्या एका गटात मी तो फोटो काही महिन्यांपूर्वी दिला होता, तेव्हा खाली चार ओळी लिहिल्या होत्या: प्रमाण एकास सत्त्याऐंशी, प्लास्टिक, रंग अमुक, रेषांची जाडी अंदाजे. फोटो पुढे गेला, ओळी मागे राहिल्या. पहिले दोन दिवस मला त्यात फक्त गंमत वाटली. थोडा अभिमानही. लोक फसले म्हणजे काम बरं झालं असणार. मग नागपूरच्या एका इंजिनिअरिंगच्या मुलाचा मेसेज आला आणि गंमत संपली. पण त्याच्याकडे नंतर येतो, आधी रेघांबद्दल.

दख्खनच्या राणीच्या सुरुवातीबद्दल जे वर्णन छापलेलं मिळतं ते थोडक्यात असं. १ जून १९३०ला जीआयपी रेल्वेने ही गाडी सुरू केली. सात-सात डब्यांचे दोन रेक होते. डब्यांच्या खालच्या चौकटी इंग्लंडमध्ये तयार झाल्या, वरचे सांगाडे माटुंग्याच्या कारखान्यात. डबे फक्त पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाचे. एक रेक चंदेरी, त्यावर लाल पट्ट्या. दुसरा रॉयल ब्लू, त्यावर 'गोल्ड लाइन्स'.

'गोल्ड लाइन्स.' हे दोन शब्द वाचायला किती सोपे आहेत. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लगेच एक राजेशाही गाडी उभी राहते आणि तो पुढच्या वाक्याकडे जातो. हातात पेन घेऊन बसलेल्या माणसाला मात्र पुढे जाता येत नाही. किती लाइन्स? खिडक्यांच्या खाली की वर? कोपऱ्यात काटकोन की गोलाई? आणि जाडी किती? जुने कृष्णधवल फोटो मदत करतील असं वाटतं, पण त्या काळात वापरात असलेली ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला आंधळी होती आणि निळ्याला फार संवेदनशील. तिच्यावर गर्द निळा फिकट उमटतो आणि पिवळा उलट काळवंडतो. म्हणजे निळ्यावरची सोनेरी रेघ अशा फोटोत चमकायच्या ऐवजी मिसळून जाऊ शकते. फोटो खोटं बोलत नाही वगैरे आपण म्हणतो, पण तो कुठल्या भाषेत बोलतोय हे आधी कळायला लागतं.

मी अर्धा इंच धरला. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, भागिले ८७, साधारण ०.१५ मिलिमीटर.

आता एवढी बारीक रेघ मारतात कशी, ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. हल्ली बरेच जण रेघा छापून घेतात: पाण्यात भिजवून चिकटवायच्या पातळ फिल्मवर. ते सोपं आहे आणि त्यात काही पाप नाही. मी पेनाकडे वळलो कारण एक जुनं रूलिंग पेन मला जुन्या बाजारात मिळालं. दोन पोलादी पाती, चिमट्यासारखी, आणि मध्ये त्यांना जवळ-दूर करणारा एक स्क्रू. पात्यांच्या फटीत ब्रशने शाईचा एक थेंब सोडायचा. तो केशाकर्षणाने तिथेच धरून राहतो आणि टोक टेकलं की खाली उतरतो. शाई जास्त झाली तर पहिल्याच स्पर्शाला ओघळते, कमी झाली तर रेघ अर्ध्यावर सुटते. पात्यांच्या बाहेरच्या बाजूला थोडीशी जरी लागली तरी ती पट्टीच्या खाली शिरते आणि निळ्या रंगावर एक सुंदर पिवळं तळं तयार होतं.

सोनेरी शाई म्हणून जे मिळतं त्यात धातूचे किंवा अभ्रकाचे कण असतात. ते बारीक फटीत अडकतात. शिवाय इतक्या बारीक रेघेत चमक दिसतच नाही, नुसती मातकट दिसते. त्यामुळे माझी 'सोनेरी' रेघ प्रत्यक्षात पिवळ्या ॲक्रिलिक शाईची आहे, त्यात थेंबभर तपकिरी. खाली डब्याचा निळा इनॅमल आहे, आणि तो मुद्दाम चकचकीत ठेवलेला, कारण मॅट पृष्ठभागावर शाई केसाळते. इनॅमल पूर्ण वाळल्यावर त्याला पाण्याने काही होत नाही. त्यामुळे चुकलेली ताजी रेघ ओल्या काडीने पुसता येते. ही एवढी एकच दया या कामात आहे. आधी साबणाच्या पाण्याने बोटांचं तेल काढायचं, आधी काचेवर दोन-चार रेघा मारून बघायच्या, मग श्वास धरायचा. मध्ये थांबलात की तिथे गाठ येते. रेघ एका दमात मारायची, आणि मारताना ती बरोबर आहे की नाही याचा विचार करायचा नाही. तो आधी करायचा.

मी आधी नीट केला नव्हता.

अर्धा इंच मी का धरला, याचं खरं कारण असं की माझ्या पेनातून, त्या शाईने, माझ्या हाताने सलग निघणारी सगळ्यांत बारीक रेघ ०.१५ मिलिमीटरची होती. ०.१ला ती तुटत होती. ०.१५ला ८७ने गुणलं तर अर्ध्या इंचाच्या आसपास येतं, आणि अर्धा इंच हा आकडा कसा छान वाटतो! कुणा साहेबाने ड्रॉइंगवर लिहिलेला असावा असा. म्हणजे इतिहासाला मापून मी रेघ मारली नाही. रेघ आधी आली आणि तिला साजेसा इतिहास मी मागून शोधला.

यात काही फार वाईट केलं असं मला तेव्हा वाटलं नाही. कारण मॉडेल रेल्वेचा सगळा छंदच तडजोडींवर उभा आहे. आपल्या ब्रॉडगेजची रुंदी १६७६ मिलिमीटर. एकास सत्त्याऐंशीला ती १९ मिलिमीटरच्या वर जायला हवी. बाजारात मिळणारे तयार रूळ १६.५चे, कारण ते युरोपातल्या १४३५च्या गेजसाठी आहेत. त्यामुळे भारतात बहुतेक जण आपली गाडी अरुंद रुळांवर चालवतात आणि समोरून बघायचं टाळतात. ब्रिटिशांचं तर घरचंच दुखणं आहे: त्यांचं लाडकं प्रमाण एकास ७६.२, रूळ मात्र तेच १६.५चे. हिशेबाने १८.८३ हवेत. यावरून तिकडे पिढ्यान्‌पिढ्या भांडणं झाली आहेत आणि खरोखर १८.८३चे रूळ हाताने घालणारे लोकही आहेत.

रेघांचं तर त्याहून अवघड. समजा मूळ रेघ पाव इंचाची आहे. सत्त्याऐंशीने भागली की ०.०७ मिलिमीटर, केसाएवढी. हातभर अंतरावरून तिचा रंग कळत नाही. प्रमाणाशी प्रामाणिक राहाल तर रेघ हरवते. रेघ दाखवाल तर प्रमाण मोडतं. प्लेटोच्या 'सोफिस्ट' या संवादात नेमका हा पेच आहे. नक्कल दोन प्रकारची असते असं तिथे म्हटलंय. एक मूळ वस्तूची मापं जशीच्या तशी घेणारी. दुसरी, बघणाऱ्याच्या डोळ्याला बरोबर वाटावं म्हणून मापं बदलणारी, कारण अवाढव्य मूर्तीची खरी मापं ठेवली तर खालून बघणाऱ्याला वरचा भाग लहान आणि खालचा मोठा दिसेल. प्लेटोला दुसरा प्रकार संशयास्पद वाटतो. मला नाही वाटत. अर्ध्या मीटरवरून माझा डबा बघणं म्हणजे खरी गाडी त्रेचाळीस मीटरांवरून बघण्यासारखं आहे. तेवढ्या अंतरावर प्लॅटफॉर्मवरच्या माणसाला रेघ जाणवत असेल तर मॉडेलवरही ती जाणवली पाहिजे, मग तिला थोडी जाड का करावी लागेना. जाड करणाऱ्याला मूळ जाडी माहीत असते. तो एक गोष्ट जपण्यासाठी दुसरी सोडतो, आणि काय सोडलं ते सांगू शकतो.

माझा गुन्हा, असलाच तर, वेगळा आहे. मला मूळ जाडी माहीत नव्हती आणि तरी मी रेघ मारली.

कामाच्या ठिकाणी आम्हाला याची रोज सवय आहे. डेटाबेसमध्ये एखादी माहिती नसली की तिथे शून्य लिहायचं नाही, 'नल' ठेवायचं. नल म्हणजे शून्य नव्हे, नल म्हणजे 'ठाऊक नाही'. नव्याने नोकरीला लागलेल्याला पहिल्या महिन्यात हे शिकवतात आणि शिकवूनही कुणीतरी जन्मतारखेच्या रकान्यात १ जानेवारी १९७० भरतं. पुढे पाच वर्षांनी कुणीतरी अहवाल काढतं की आपले एवढे ग्राहक एकाच दिवशी जन्मले. लिहिताना माणसाकडे 'बहुधा' असतं, 'असं म्हणतात' असतं. जैन परंपरेने तर प्रत्येक विधानाच्या आधी 'स्यात्' लावायची शिस्तच सांगितली: एका अंगाने आहे, एका अंगाने नाही, एका अंगाने सांगताच येत नाही. पेनाला यातलं काहीच येत नाही. निळ्यावर पिवळी रेघ एकतर असते किंवा नसते, आणि असली की कुठल्यातरी जाडीची असते. रेघेला स्यात् लावता येत नाही.

मग मारूच नये का? हा पर्याय मी खरंच विचारात घेतला. नुसता निळा डबा. पण तोही खोटाच झाला असता, आणि जास्त खोटा. रेघा होत्या, एवढं तर नक्की ठाऊक आहे. न मारलेली रेघ म्हणजे नल नव्हे, शून्य.

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळ लाँग विटनहॅम नावाच्या गावात पेंडन म्युझियम आहे. रॉय इंग्लंड नावाचा (आडनाव खरंच इंग्लंड) एक ऑस्ट्रेलियन तरुण १९२५ साली तिकडे गेला आणि तिथली बदलत चाललेली खेडी टिकवायचा एकच मार्ग त्याला सुचला, ती मापून लहान आकारात बनवायची. १९५४ साली त्यातून हे म्युझियम उभं राहिलं. मापं घेतलेली खरी घरं, खरी छपरं. आणि त्याच म्युझियममध्ये जॉन अहर्नची 'मॅडर व्हॅली' ठेवली आहे. ती रेल्वे कुठेच नव्हती. गावं कल्पित, मार्ग कल्पित, सगळं अहर्नच्या डोक्यातलं. मला या शेजाराचं कायम नवल वाटतं. दोन्ही प्रामाणिक आहेत. एकजण म्हणतो 'असं होतं', दुसरा म्हणतो 'असं नव्हतंच, पण बघा'. माझा डबा या दोघांच्या मधल्या फटीत उभा आहे. पंचाण्णव टक्के 'असं होतं', पाच टक्के अहर्न, आणि कुठले पाच टक्के ते बाहेरून कळत नाही.

चित्रांची डागडुजी करणाऱ्यांनी यावर एक फार देखणा उपाय काढला आहे. १९४०च्या दशकात रोमच्या सरकारी संस्थेत चेझारे ब्रांदी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जुन्या चित्रांतल्या उडालेल्या जागा सपाट रंगाने न भरता बारीक उभ्या रेघांनी भरायची पद्धत बसवली. दुरून पाहिलं की चित्र सलग दिसतं, डोळा अडखळत नाही. जवळ गेलं की रेघा दिसतात आणि कळतं की इथलं मूळ गेलंय, हे नंतरचं आहे. अंदाज लपवायचा नाही आणि मिरवायचाही नाही. मला हे वाचून हेवा वाटला. त्यांच्याकडे अंदाज सांगायला रेघ आहे. माझा अंदाजच रेघ आहे. ती आणखी कशाने रेघाटू?

आता नागपूरचा मुलगा. त्याने तो फोटो पाहिला, पण तो आत्यासारखा फसला नाही. चाकांच्या जाडीवरून त्याने मॉडेल आहे हे ओळखलं, शोधत शोधत माझ्यापर्यंत पोचला आणि विचारलं, "दादा, लाइन हाफ इंच आहे ना? कुठून काढलं?" माझ्याच जुन्या ओळींतला 'अंदाजे' त्याने वाचला असावा किंवा फोटोवरून मोजलं असावं. मी ऑफिसात होतो, मीटिंग चालू होती. मी लिहिलं, "हो. त्या काळच्या प्रॅक्टिसवरून."

हे वाक्य अगदीच खोटं नाही. त्या काळी डब्यांवर रेघा मारायची पद्धत होती, हाताने मारायचे, त्यातल्या काही अर्ध्या इंचाच्याही असतील. पण त्या मुलाने जे विचारलं त्याचं हे उत्तर नव्हतं. 'नरो वा कुंजरो वा' आपण येताजाता म्हणतो. युधिष्ठिराचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा आणि त्या वाक्यानंतर खाली टेकला, ही गोष्ट लहानपणी ऐकली तेव्हा शिक्षा फारच किरकोळ वाटली होती. रथ चालतच राहिला की. आता वाटतं, शिक्षा नेमकी तीच होती: चालतच राहिला, इतरांच्या रथासारखा.

मुलाने मनापासून आभार मानले. चार महिन्यांनी त्याने फोटो पाठवले. सात डबे. पूर्ण निळा रेक. प्रत्येकावर ०.१५च्या रेघा, माझ्यापेक्षा सरळ. एका डब्याला दोन्ही बाजू धरून त्याने अठ्ठावीस रेघा मोजल्या होत्या.

ते बघून मला फर्स्ट इयरचं इंजिनिअरिंग ड्रॉइंग आठवलं. ज्यांनी जीटी मारली आहे त्यांना सांगायला नको. इतरांसाठी: ग्लास ट्रेसिंग. दोन बादल्यांवर खिडकीची काच, खाली ट्यूबलाइट, काचेवर मित्राची पूर्ण झालेली शीट आणि तिच्यावर आपली कोरी. रात्री अकराला बसलं की दोनपर्यंत शीट तयार. आमच्या बॅचच्या साठ शीट्सवर एकाच दृश्यात एकच तुटक रेघ चुकीच्या जागी होती. सरांनी विचारलं, "मूळ कोणाचं?" आणि खरं सांगायचं तर कुणालाच माहीत नव्हतं. मी ज्याची ठेवली त्याने दुसऱ्याची ठेवली होती. तेव्हा आम्ही हसलो. त्या साठांत आपण मधले कुणीतरी असतो म्हणून हसू येतं. या वेळी मूळ शीट माझी होती.

कुणाचं काय नुकसान झालं, हा प्रश्न मित्राने मला विचारलाच. सत्त्याण्णव वर्षं... नाही, शंभरीकडे चाललेली गाडी, तिच्या रंगाच्या रेघेची जाडी. पूल पडणार नाही, कुणाला औषध चुकीचं जाणार नाही. खरं आहे. पण माटुंग्याच्या कारखान्यात कुणीतरी शिडीवर उभं राहून, मोठ्या ब्रशने, एका दमात त्या रेघा मारल्या होत्या. त्याचं नाव माझ्यापर्यंत आलेलं नाही. त्याच्याकडून आलेली एकच गोष्ट म्हणजे ती रेघ, आणि तिच्या जागी आता माझी आहे, सात डब्यांवर आणि किती फोनांमध्ये कुणास ठाऊक. मित्र म्हणाला, "तू फार विचार करतोस." तोही सॉफ्टवेअरमध्येच आहे, टेस्टिंगला. त्याने असं म्हणणं मला जरा लागलं.

आत्याला मी डबा तळहातावर ठेवून व्हिडिओ कॉल केला. तिला पटलं. मग ती म्हणाली, "पण आता किती जणांना पाठवलाय मी. त्यांना काय सांगू?" मी म्हटलं, सांग की भाच्याने केलाय. ते तिने ताबडतोब केलं, पण आधीच्या मेसेजच्या खाली नाही, नवीन मेसेज म्हणून. त्यामुळे आता दोन फोटो फिरतायत, एक १९३०चा आणि एक भाच्याचा, आणि काहींना ते हुबेहूब वाटतात.

डब्याच्या पोटाला पांढरं प्लास्टिक मी रंगवलं नव्हतं. तिथे ०.२च्या काळ्या पिगमेंट पेनाने लिहिलं: 'रेषांची जाडी, संख्या आणि रंगछटा अंदाजाने. आधार नाही.' १.७ मिलिमीटर उंचीची अक्षरं, भिंगातून व्यवस्थित वाचता येतात. 'ष'चं पोट भरलं, बाकी बरं आलंय. डबा उलटा करून कोण वाचणार, हे मला कळतं. युधिष्ठिरानेही 'कुंजरो वा' म्हटलं होतंच, शंखाच्या आवाजात.

मग त्या मुलाला लिहिलं. सरळ लिहिलं: अर्धा इंच कुठूनही काढलेला नाही, माझं पेन त्याहून बारीक चालत नव्हतं, आणि हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आलं.

"म्हणजे तुझं पेन ०.१ला चाललं असतं तर?"

मी हिशेब केला. ८.७ मिलिमीटर. इंचाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या जरा वर. तोही आकडा वाईट नाही, मी त्याचंही समर्थन शोधलं असतं. हे सगळं तसंच लिहून पाठवलं.

बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं. मग आलं: "पुसणार नाही दादा. चार महिने गेलेत. पण माझ्या डब्यांना खाली वजनाची पट्टी आहे, मोकळी जागा तीन सेंटिमीटरच आहे. तुझं वाक्य त्यात बसत नाही. छोटं काहीतरी दे."

दोन दिवस झाले, प्रयत्न चालू आहे. 'अंदाजे' एवढाच शब्द बसतो, पण मग कशाबद्दल ते कळत नाही.